सोडलेली खुर्ची

रविवार, ७ फेब्रुवारी

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी पक्षाचा अध्यक्ष झालो. त्यात माझा काही दोष नाही, हे आधी लिहून ठेवतो.

दादा एकतीस वर्षं अध्यक्ष होते. आता त्यांना ऐकू येत नाही. तसं ते पूर्वीही कुणाचं ऐकत नसत, पण आता डॉक्टरांचा कागद आहे. त्यांच्या जागी कोण, यावर तीन दिवस अधिवेशन चाललं. एका बाजूला प्राध्यापक आणि त्यांचा मूळ गट, दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब आणि त्यांचा खरा गट. मूळ गट म्हणतो पक्षाचं नाव 'समता समाज पक्ष', खरा गट म्हणतो 'समाज समता पक्ष'. अकरा वर्षं दोन्ही नावांचे कागद छापून ठेवलेले आहेत. पत्र कुणाला जायचंय ते बघून कागद काढतात.

कार्यकारिणीत आम्ही पंचेचाळीस जण. मतं मोजायला मी, कारण तेहतीस वर्षं मी वजनमाप निरीक्षक होतो आणि दुकानांतले तराजू तपासताना माझा हात कधी हलला नाही. मोजणाऱ्याने मत देऊ नये, हे माझं तत्त्व. म्हणून उरले चव्वेचाळीस. नऊ फेऱ्या झाल्या आणि नऊही वेळा बावीस-बावीस. मग सभागृहाचा व्यवस्थापक आला आणि म्हणाला, पाच वाजता शिवणयंत्रांच्या विक्रेत्यांची सभा आहे, हॉल रिकामा करा. मी कोऱ्या चिठ्ठ्या आणायला आतल्या खोलीत गेलो. परत आलो तर टाळ्या वाजत होत्या.

"तुमच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"कुणाचंच काहीच नाही," प्राध्यापक म्हणाले. अकरा वर्षांत त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं. ते मोडायचं पाप मी कशाला घेऊ?

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते. नुकतीच परतली होती आणि कांदा चिरत होती. म्हणाली, "पगार आहे का?" मी म्हटलं, सभासदाने पक्षाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, घटनेचं कलम नऊ. "म्हणजे नुसता वेळ जाणार." मी म्हटलं, वेळच काय, उरलेलं आयुष्य समतेला वाहिलं असं समज. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला भरून आलं. कांद्याचा भाग किती होता ते सांगता येणार नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

पक्षाचं कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मोठ्या खोलीत पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या आणि समोर दादांची खुर्ची. काळं लाकूड, दोन हात, उंच पाठ, लाल गादी. सवयीने मोजली. इतर खुर्च्यांपेक्षा बैठक अकरा सेंटिमीटर उंच.

अकरा सेंटिमीटरची विषमता डोक्यावर घेऊन मी समतेवर कसा बोलणार? सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी या खुर्चीत बसणार नाही. शिवाय बरोबरीची मतं पडली तर अध्यक्षाला जे निर्णायक मत असतं, तेही सोडलं. मोठ्या टाळ्या पडल्या. मी पत्र्याच्या खुर्चीत बसलो. ती एका बाजूला लवते, पण मन हलकं झालं.

"मग ह्या खुर्चीचं काय करायचं?" मावशींनी विचारलं. मावशी म्हणजे एकोणीस वर्षं कार्यालय झाडणाऱ्या-पुसणाऱ्या, चहा करणाऱ्या बाई. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी सगळे त्यांना मावशीच म्हणतात.

दुसरं कुणी बसलं असतं तर त्याच्या मनात अध्यक्ष व्हायचंय असा अर्थ निघाला असता. मी म्हटलं, "राहू दे तिथेच. ती आता कुणाचीच नाही."

मनाला फार बरं वाटलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "पाठ दुखेल."

सोमवार, १५ फेब्रुवारी

पाठ दुखते आहे.

आज माझ्या अध्यक्षतेखाली पहिली बैठक झाली. अध्यक्षतेखाली म्हणायचं, कारण मी तिसऱ्या रांगेत होतो. प्राध्यापक उठले, घसा साफ केला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून "आदरणीय अध्यक्ष" म्हणाले. वकीलसाहेबांनी खुर्चीकडे बघूनच हरकत घेतली. मी मागून "मुद्द्यावर या" म्हणालो तर चार जणांनी वळून मला गप्प बसवलं. उशिरा आलेले लोक आत येताना खुर्चीसमोर थोडं वाकत होते. एकाने तिच्याकडे रजाही मागितली.

सवय जायला वेळ लागतो. वजनं बदलली तेव्हाही लोक कित्येक वर्षं शेरातच बोलत होते.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

ठराव क्रमांक दोन: सर्व सभासदांनी एकमेकांना एकसारखं संबोधावं.

प्राध्यापकांचं म्हणणं, सगळे 'तू'. मग त्यांनाच दादांना 'तू, बस' म्हणून दाखवायला सांगितलं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. वकीलसाहेबांचं म्हणणं, सगळे 'तुम्ही'. त्यावर मूळ गट म्हणाला की हा वरच्या वर्गाचा शिष्टाचार झाला. सव्वादोन तासांनी मी तोडगा काढला: सगळे 'आपण'. मंजूर.

लगेच घोटाळा झाला. मी म्हणालो, "आपण चहा घ्यावा," तर समोरच्याला वाटलं मीही घेणार. वकीलसाहेब प्राध्यापकांना म्हणाले, "आपण मूर्ख आहात." प्राध्यापक म्हणाले, "आपण मूर्ख आहोत, हे मान्य." दोघेही समाधानाने खाली बसले. इतिवृत्तात काय लिहावं ते मला कळेना.

चहा मावशींनीच आणला. त्या सगळ्यांना पूर्वीसारखं 'साहेब' म्हणतात. ठराव सभासदांपुरता आहे, त्या सभासद नाहीत. एकोणीस वर्षांत कसा कुणास ठाऊक, पण विषयच निघाला नाही.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

खुर्ची सरकली. कालच्यापेक्षा दहा सेंटिमीटर खिडकीकडे. खिडकीच्या बाजूला खरा गट बसतो. मूळ गटाने सभात्याग केला.

मावशी म्हणाल्या, "मी खालून पुसताना सरकवली." हे इतकं साधं उत्तर कुणालाच पटलं नाही. शेवटी मी घरून टेप आणली, खोलीचा मध्य काढला, खुर्ची तिथे ठेवली आणि पायांभोवती खडूने चौकोन आखले. नियम केले: खुर्ची हलवू नये, तिच्यावर काही ठेवू नये, तिला पाठ करून बसू नये. मला स्वतःला हे जरा जास्तच वाटलं, पण शांतता राहिली.

आता पुसायचं तर मावशींना खुर्चीखाली हात घालून, गुडघ्यावर बसून पुसावं लागतं. त्या म्हणाल्या, "लांब दांड्याचा पोछा घ्या एक." रास्त मागणी आहे. खरेदी समितीकडे पाठवली. खरेदी समितीत मूळ गटाचे तीन आणि खऱ्या गटाचे तीन आहेत.

गुरुवार, ४ मार्च

पक्षाच्या साप्ताहिकासाठी माझ्याकडून 'सामाजिक समतेचा अर्थ' असा लेख मागितला आहे. पहिलं वाक्य होईना, म्हणून दादांकडे गेलो. ते गच्चीत उन्हात बसले होते. कानाशी जाऊन विचारलं, "दादा, समता म्हणजे काय?"

"सत्ता? ती कुठे आली कधी आपल्या वाट्याला."

"सत्ता नाही. समता."

"तेच म्हणतोय. आता माझं वय झालं."

घरी येऊन हिला विचारलं. ही दाराशी उभी होती. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत छत्री, दातात किल्ली. काहीतरी म्हणाली, पण किल्लीमुळे नीट कळलं नाही. लेख राहिला.

गुरुवार, ११ मार्च

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

चार वाजता कार्यकारिणीची बैठक होती. आम्ही सोळा-सतरा जण एकदमच जिना चढलो. दार उघडं होतं. समोर मावशी खुर्चीत बसल्या होत्या. चपला काढलेल्या, बादली पालथी घालून तिच्यावर उजवा पाय ठेवलेला, डोकं उंच पाठीला टेकलेलं, डोळे मिटलेले. फरशी ओली होती, त्यामुळे आम्ही सगळे दारातच थांबलो. माझ्या मागे कुणीतरी सवयीने किंचित वाकल्याचं मला जाणवलं.

"मावशी," प्राध्यापक म्हणाले, "आपण कुठे बसला आहात?"

त्यांनी डोळे उघडले. "पाय भरून आले होते. वाळायला पाच मिनिटं लागतात, तोवर टेकले."

"पण इतक्या खुर्च्या आहेत."

"त्यांच्यावर तुमच्या फायली आहेत. साहेबच म्हणाले होते, ही कुणाचीच नाही." माझ्याकडे बोट केलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "कुणाचीच नाही, याचा अर्थ कुणीही बसावं असा होत नाही." हे वाक्य बोलताना बरोबर वाटलं. आता लिहिताना तितकं वाटत नाही.

त्या उठल्या, चपला घातल्या, बादली उचलली. उजवा पाय नीट टेकवत नव्हत्या. गादीवर ओला डाग पडला होता. खऱ्या गटातल्या एकाने त्याचा फोटो काढला.

रविवार, १४ मार्च

शिस्तभंगाची बैठक. प्राध्यापकांचा आरोप: पक्षाने समतेसाठी रिकाम्या ठेवलेल्या आसनाचा एका व्यक्तीने स्वतःच्या सुखासाठी वापर केला. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. माणूस ढोंगी नाही, हीच अडचण आहे.

वकीलसाहेबांनी घटना उघडली. शिस्तभंगाची कारवाई फक्त सभासदावर करता येते, मावशी सभासद नाहीत, सबब कारवाई नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. मावशी आत कप विसळत होत्या. त्यांनाही ऐकू जात असावं, कारण नळ बंद झाला.

मग प्राध्यापक म्हणाले, "मग त्यांना सभासद करून घ्या."

वकीलसाहेब अडकले. कष्टकरी बाईला पक्षात घेऊ नका, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? ठराव सेहेचाळिसाव्या सभासदाचा, तोही थेट कार्यकारिणीत. एकमताने मंजूर. माझी निवड सोडली तर अकरा वर्षांतला पहिला एकमताचा ठराव आणि तो माझ्या कारकिर्दीत झाला. मी स्वतः कार्ड भरलं, शिक्का मारला आणि आत जाऊन मावशींना दिलं.

"हे काय?"

"अभिनंदन. आजपासून आपण समान."

"आपण म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

ठराव दोनप्रमाणे खुलासा करायला गेलो, पण साधेना. त्यांनी ओल्या हातानेच कार्ड घेतलं आणि कपांच्या फळीवर उभं करून ठेवलं.

"आणि पोछा?" त्या म्हणाल्या.

गुरुवार, १ एप्रिल

खजिनदाराने मावशींना पगार दिला नाही. मला वाटलं चूक झाली. चूक नव्हती. कलम नऊ: सभासदाने पक्षाकडून पैसा घ्यायचा नाही.

मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पत्र्याची खुर्ची दिली, आधी तिच्यावरच्या फायली उचलून. निदान एवढं तरी मला सुचलं.

"साहेब, नीट सांगा. सभासद असले तर पगार नाही?"

"नाही."

"आणि पगार पाहिजे तर सभासद नाही?"

"तत्त्वतः, हो."

"तुम्ही सगळे सभासद. मग तुमचं कसं चालतं?"

मी म्हटलं, कुणाची नोकरी आहे, कुणाची वकिली. माझं निवृत्तिवेतन आहे. शिवाय हिचा पगार. हे सांगताना माझा आवाज उतरत गेला.

"मग माझं नाव काढून टाका."

राजीनामा घेता येईना. चौकशी चालू असताना राजीनामा देता येत नाही, कलम बारा. आणि चौकशीसाठी तर त्यांना सभासद केलेलं. त्यांनी दोन्ही कलमं बोटांवर मोजली. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला हाकललंत तरच मी राहू शकते."

मी उलटसुलट तपासून पाहिलं. हिशेब बरोबर होता.

हिला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "महिनाभर ती बाई फुकट राबली आणि तुम्ही कलमं मोजत होतात." माझ्यापुढे ताट ठेवलं ते जरा जोरात.

रविवार, ४ एप्रिल

मावशींच्या हकालपट्टीवर मतदान.

मूळ गट हकालपट्टीच्या बाजूने. खरा गट विरोधात, कारण मूळ गट बाजूने. तीन तास भाषणं झाली. वकीलसाहेब मावशींच्या बचावासाठी असे बोलले की दोघांनी डोळे पुसले: ही कष्टकरी भगिनी पक्षाबाहेर जाता कामा नये, प्राण गेला तरी. मावशी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दोनदा हात वर केला. वक्त्यांची यादी आधीच भरली होती.

मतं घेतली. बावीस-बावीस. मग एका सभासदाचं मत राहिलंय असं लक्षात आलं. दोन्ही गट मावशींकडे वळले. कुणी पाणी पुढे केलं, कुणी खिडकी उघडली.

मावशी माझ्याकडे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं मत कुठे आहे?"

"मी मोजतो. मोजणाऱ्याने मत देऊ नये."

"बाजूने दिलंत तर माझा पगार चालू होईल. मला माझ्याच हाताने स्वतःला हाकलायला लागणार नाही."

माझ्यापुढे तराजू आला, दोन पारडी, मधला काटा. काट्याने एका बाजूला झुकलं की तो काटा राहत नाही, असं मी तेहतीस वर्षं शिकाऊ लोकांना सांगत आलो. मावशींना तो तराजू दिसत नव्हता. त्यांना मी दिसत होतो. त्यांनी पाच सेकंद वाट बघितली. सेकंद मी मोजले, त्याची लाज वाटते.

मग त्यांनी चिठ्ठी घेतली, 'हो' लिहिलं आणि पेटीत टाकली. तेवीस-बावीस. सेहेचाळिसाव्या सभासदाला त्याच्याच मताने पक्षाबाहेर काढण्यात आलं. निर्णय मी वाचून दाखवला. वकीलसाहेबांनी, प्राध्यापकांना न विचारता, हकालपट्टी मागच्या तारखेपासून लागू धरली म्हणून मार्चचा पगार निघाला. माणूस वाईट नाही.

मावशींनी कार्ड परत केलं, पदर खोचला आणि आत जाऊन आमच्यासाठी चहा ठेवला.

मंगळवार, ६ एप्रिल

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात नव्हती. कलम चौदा: हकालपट्टी झालेल्याशी कोणत्याही सभासदाने एक वर्ष बोलू नये.

आज सकाळी प्राध्यापकांनी "मावशी, चहा" एवढं म्हटलं आणि खऱ्या गटाने लेखी तक्रार केली. प्राध्यापकांनी माफी मागितली. तीही मावशींची नव्हे, पक्षाची. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "वर्षभर मला कुणी हाक मारणार नाही?" त्यांनी खोलीला विचारलं. खोलीने उत्तर दिलं नाही. "देव पावला," त्या म्हणाल्या.

मंगळवार, १३ एप्रिल

कार्यालयाची शिस्त ढासळत चालली आहे. मावशी येतात, झाडतात, पुसतात, ठरल्या वेळी चहाचं पातेलं भरून ठेवतात आणि पाच वाजता जातात. मध्ये कुणी त्यांना "जरा हे", "जरा ते" म्हणू शकत नाही. परिणाम: ज्याला चहा हवा तो स्वतः ओतून घेतो. कप स्वतः विसळतो. प्राध्यापकांनी आतापर्यंत तीन फोडले. वकीलसाहेबांनी शाई सांडली, दारापर्यंत गेले, हाक मारायला तोंड उघडलं, आठवलं, मग फडकं घेऊन स्वतः खाली वाकले. खजिनदार काल पंख्याची पाती पुसताना दिसला. सगळा वेळ असल्या कामात जातो, विचारमंथनाला उरत नाही. मावशी मात्र गुणगुणतात. एकोणीस वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. की मी लक्ष दिलं नव्हतं?

दादा सहज भेटायला आले. थेट खुर्चीत बसले आणि अर्धा तास डुलकी काढली. कुणी काही बोललं नाही. मला शिस्तीचा मुद्दा सुचला होता, पण त्यांना ऐकू येत नाही.

गुरुवार, २२ एप्रिल

मावशी तीन दिवस आल्या नाहीत. का, ते विचारता येत नाही. विचारायचं म्हणजे बोलायचं. प्राध्यापकांनी सुचवलं की चौकशीचं पत्र पाठवावं. मग कोणत्या नावाच्या कागदावर, यावर दुपार गेली.

उद्या मी जातो. कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, २३ एप्रिल

पत्ता पगाराच्या वहीत मिळाला. दोन बस बदलाव्या लागतात. हे अंतर त्या एकोणीस वर्षं रोज दोनदा कापत होत्या आणि सकाळी आठला झाडू हातात असायचा.

चौथा मजला, लिफ्ट नाही. दार त्यांच्या नवऱ्याने उघडलं. कपाळाला पीठ लागलेलं, हातात लाटणं. ते पूर्वी ट्रक चालवत असत. मावशी पलंगावर, उजव्या गुडघ्याला पट्टा.

"अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "तुमचं माझ्याशी बोलणं बंद ना?"

"बंद आहे," मी म्हणालो. झालं, कलम चौदा मोडलं.

"मग कशाला आलात?"

मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो. हकालपट्टी वैयक्तिक नव्हती, पक्षाच्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे, घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मी मांडणार आहे. त्यातलं दीड वाक्य झालं असेल.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय. मी तुमच्याकडे येणार नाही आता. दातांच्या दवाखान्यात काम मिळालंय, पेशंटची नावं लिहायचं आणि फोन घ्यायचं. माझं अक्षर बरं आहे, ते तुम्हाला माहीत नसेल."

माहीत नव्हतं. चिठ्ठीवरचा 'हो' मी बघितला होता, पण मोजण्यासाठी.

"तुम्हाला राग आलाय का आमचा?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "राग असा नाही. तुम्ही वाईट लोक नाही. एकानेही कधी शिवी दिली नाही. पण साहेब, आत घेतलंत तेव्हा विचारलं नाहीत आणि बाहेर काढलंत तेव्हाही नाही. मी तिथेच कप विसळत होते. चार पावलांवर."

नवऱ्याने आतून विचारलं, "पाहुणे जेवणार का?" त्या म्हणाल्या, "मला काय विचारतोस, त्यांना विचार." नवरा बाहेर आला आणि मला विचारलं. मी हो म्हणालो. जेवताना कुणी पक्षाबद्दल बोललं नाही. निघताना मावशी म्हणाल्या, "मतं मात्र तुम्ही बरोबर मोजलीत त्या दिवशी." चेष्टा होती की शाबासकी, जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. खाली आल्यावर ठरलं. त्यानंतर बराच वेळ मी बसस्टॉपवर नुसता उभा राहिलो, दोन बस सोडल्या.

कलम चौदाचा भंग मी कळवायला हवा. कळवणार नाही.

शनिवार, २४ एप्रिल

कार्यकारिणीला सांगितलं की मावशी येणार नाहीत. कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही. लगेच नव्या बाईंच्या नेमणुकीचा विषय आला आणि दोन गट पडले. मी म्हणालो, "नव्या बाई नकोत. आपण झाडू." दोन्ही गट खूश झाले, कारण प्रत्येकाला वाटलं 'आपण' म्हणजे समोरचा. मी आतून झाडू आणला आणि प्राध्यापकांच्या हातात दिला. कुणी दुसऱ्याचं मूल धरायला द्यावं तसे ते झाडूकडे बघत राहिले. मग वाकले. बरं झाडलं नाही. कोपरे राहिले.

रविवार, २५ एप्रिल

सकाळी नऊची वेळ. हिची सुट्टी. ही चहा ओतत होती, मी पेपर वाचत होतो. कालपासून डोक्यात होतं, पण कसं विचारायचं ते जुळेना. लग्नाला चौतीस वर्षं झाली. या काळात शहरातल्या प्रत्येक दुकानाचा काटा मी वर्षातून एकदा तपासला आहे.

म्हटलं, "ऐक ना. हे आपलं घर, जे चाललंय ते, तुला कसं वाटतं?"

तिने गॅस बंद केला. हात पुसले. दोन्ही कप माझ्याकडे सरकवले, मग त्यातला एक परत स्वतःकडे घेतला. माझ्याकडे नीट बघितलं. मी चेष्टा करतोय का, ते तपासत असावी.

"खरंच विचारताय?"

"खरंच."

"मग तो पेपर ठेवा खाली," ती म्हणाली. "आज कुठे जायचं नाही ना? उत्तर लांब आहे."

नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू झालं. दीड वाजता खायला थांबलो. बाकीचं चार वाजल्यापासून आहे.